ई-मेलचा पत्ता : नावाचा की ठिकाणाचा?

उंब्रजला पत्र पाठवायचे असेल तर पत्त्याच्या शेवटी ४१५१०९ हा आकडा लिहावा लागतो. हा आकडा आपण सवयीने लिहितो. त्यामागे काही विचार असेल असे सहसा मनात येत नाही. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून झालेला टपाल विभाग. ४१ हा त्यातला उपविभाग. ४१५ म्हणजे पत्रांची वर्गवारी करण्यासाठी टपाल खात्याने ठरवलेला टापू आणि उरलेले १०९ म्हणजे उंब्रजचे पोस्ट. कराडचा क्रमांक ४१५११०, इस्लामपूरचा ४१५४०९, रत्नागिरीचा ४१५६१२. ही गावे सातारा, सांगली आणि रत्नागिरी अशा तीन जिल्ह्यांतली, पण पहिले तीन आकडे सारखे. कारण पिनकोड महसुली हद्द सांगत नाही, तो पत्राची वाट सांगतो.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतमधले नामवंत कवी व नाटककार होते. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा पण अवघड होता. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि वाचता न येणारी अक्षरे! उंब्रज हे नावच घ्या. कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरचे उंब्रज कराड तालुक्यात आहे, आणि पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातही एक उंब्रज आहे. आकडा लिहिला की घोटाळा संपतो.

पण या पद्धतीला एक मर्यादा आहे. पिनकोड ठिकाणाला चिकटलेला असतो. उंब्रजच्या एखाद्या दुकानदाराने आपले बिऱ्हाड सतरा-अठरा किलोमीटरवरच्या कराडला हलवले, तर त्याचा पत्ता बदलणारच. त्याला सगळ्या गिऱ्हाइकांना कळवावे लागेल आणि जुन्या पोस्टात अर्ज देऊन मधल्या काळातली पत्रे नव्या पत्त्यावर वळती करून घ्यावी लागतील.

आता याच दुकानदाराने आपली ई-मेल सांभाळणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, बदलला तर? त्याचा ई-मेलचा पत्ता बदलायला हवा का? आज याचे उत्तर 'नाही' असे आहे, निदान 'नसायला हवे' असे आहे. या उत्तरापर्यंत पोचायला सुमारे पंधरा वर्षे लागली आणि आपल्याकडे ते रुजायला आणखी बराच काळ गेला. त्याची ही हकिकत.

तारेचा पत्ता

ई-मेलच्या पुष्कळ आधी हा प्रश्न एकदा सुटलेला होता. जुन्या व्यापारी पेढ्यांची पत्रे कुणाच्या घरी जपून ठेवली असतील तर वरच्या कोपऱ्यात पाहा. छापील पत्त्याखाली 'तार :' असे लिहून पुढे एकच शब्द दिलेला आढळतो. तारेत शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे पूर्ण पत्ता लिहिणे महाग पडे. म्हणून पेढी वार्षिक फी भरून तार कार्यालयात एक छोटा शब्द नोंदवी. तार करणाऱ्याने तो शब्द आणि गावाचे नाव लिहिले की पुरे. शब्द कोणाचा आणि ती पेढी कोणत्या गल्लीत, हे तार कार्यालयातली नोंदवही सांगे.

यातली खुबी अशी की पेढी त्याच शहरात दुसऱ्या जागी गेली तरी तारेचा पत्ता बदलत नसे. नोंदवहीतली एक ओळ बदलली की काम झाले. दूरदेशीच्या व्यापाऱ्याला पेढी हलल्याचा पत्ताही लागत नसे. नाव आणि ठिकाण यांच्यामध्ये एक नोंदवही ठेवायची ही ती युक्ती. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ही युक्ती दुसऱ्या रूपात आज दर क्षणी वापरली जाते.

सातारा-सांगली भागात याच्या अगदी उलट प्रकारही घडला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळजमीन त्यांना दिली. १९१० मध्ये तेथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. पुढे त्या स्टेशनाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. कराडजवळच्या ओगलेवाडीला तिचे नाव तिथल्या काच कारखान्यावरून मिळाले. इथे उद्योगाने ठिकाणालाच आपले नाव दिले. पण असे भाग्य हजारांत एखाद्याला. बाकीच्यांना जागा बदलली की पत्ता बदलावा लागतो, आणि पत्ता बदलला की काही गिऱ्हाइके कायमची तुटतात.

यंत्राचे नाव म्हणजेच पत्ता

१९७१ साली अमेरिकेत केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवला. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत शेजारी होती, मात्र त्यांना जोडणारा दुवा अर्पानेट या जाळ्याचा होता. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे दाखवण्यासाठी त्याने @ हे चिन्ह निवडले. डावीकडे माणूस, उजवीकडे यंत्र. म्हणजे 'अमुक यंत्रावरचा तमुक' असा हा पत्ता होता. त्या वेळी जाळ्यात मोजकीच यंत्रे होती, त्यामुळे हे सोयीचेच होते.

कोणत्या नावाचे यंत्र जाळ्यात कोठे आहे याची यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे असे. नवे यंत्र आले की तेथे कळवायचे. ती मंडळी हाताने यादीत भर घालीत आणि बाकीचे सगळे त्या यादीची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी यादी लांबली. प्रत उतरवून घेईपर्यंत ती शिळी होऊ लागली आणि एकच नाव दोघांना हवे असण्याचे प्रसंग येऊ लागले. वेलणकरांपुढच्या दोन उंब्रजांसारखाच हा पेच.

नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी यावर तोडगा मांडला. एकच मोठी यादी ठेवण्याऐवजी नावांची उतरंड करायची आणि प्रत्येक पायरीची नोंदवही त्या त्या पायरीवरच्या माणसांनी सांभाळायची. यालाच डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस, म्हणतात. पिनकोड डावीकडून उजवीकडे बारीक होत जातो, तर डोमेन नाव उजवीकडून डावीकडे बारीक होत जाते. शेवटचे 'इन' म्हणजे भारत, त्याच्या आधी संस्था, त्याच्या आधी संस्थेतला विभाग किंवा यंत्र.

जुहूचा 'शक्ती'

आपल्याकडे या घडामोडी मुंबईत सुरू झाल्या. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये 'अर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (एनसीएसटी) आणि खुद्द तो विभाग एवढी मंडळी त्यात होती. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रामाणी होते. १९८६-८७ च्या सुमारास जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतील यूयूनेट या केंद्राशी सेकंदाला ९,६०० बिट वेगाची कायमची लाइन जोडली गेली.

तेव्हा जाळे चोवीस तास जोडलेले नसे. एक यंत्र दुसऱ्याला ठरावीक वेळी फोन लावी, साठलेली पत्रे देई आणि घेई. म्हणून पत्ता लिहिताना वाट सांगावी लागे. एनसीएसटीच्या एका यंत्राचे नाव 'शक्ती' होते. परदेशातून लिहिणारा 'यूयूनेट, मग शक्ती, मग पुढचे यंत्र, मग माणूस' असा क्रम उद्गारचिन्हे घालून लिहीत असे. एस.टी.ने जाणाऱ्याला आपण सांगतो ना, 'पुण्याहून सातारा, साताऱ्याहून उंब्रज, तिथून चाफळची गाडी', तसेच. पण मधले एखादे यंत्र बंद पडले, बदलले किंवा त्याचे नाव बदलले, की त्याच्या पलीकडच्या सगळ्यांचे पत्ते एका दिवसात खोटे ठरत.

डीएनएस आल्यावर वाट लिहिण्याची गरज हळूहळू संपली. मात्र नावात यंत्र अडकून राहण्याची शक्यता उरलीच होती. ती दूर करणारे काम जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी मांडले.

'पत्रे कोण घेतो?'

पार्ट्रिज यांची कल्पना अशी. नोंदवहीला 'या नावाचे यंत्र कोठे आहे?' असे विचारू नका. 'या नावाची पत्रे कोण घेतो?' असे विचारा. उत्तरादाखल नोंदवहीने एक किंवा अधिक यंत्रांची नावे द्यावीत आणि प्रत्येकापुढे एक आकडा असावा. ज्याचा आकडा लहान त्याच्याकडे पत्र आधी न्यायचे, तो भेटला नाही तर पुढच्याकडे. या नोंदीला मेल एक्स्चेंजर, म्हणजे एमएक्स नोंद, म्हणतात. १९८३ च्या आराखड्यात याच कामासाठी दोन वेगवेगळ्या नोंदी होत्या, एक पत्राच्या मुक्कामाची आणि एक ते पुढे धाडणाऱ्या यंत्राची. त्या मोडीत काढून ही एकच नोंद आली.

आता नाव आणि यंत्र यांची फारकत झाली. जिच्यापाशी एकही संगणक नाही अशी संस्थाही स्वतःच्या नावाने पत्रे घेऊ शकते, कारण तिच्या वतीने दुसऱ्याचे यंत्र ती घेते. उद्या यंत्र बदलले तर एमएक्सची ओळ बदलायची. तार कार्यालयातली नोंदवही अशा रीतीने परत आली.

याला जोडून आणखी एक गुण उपयोगी पडला. ई-मेल पोचवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. त्यांनुसार पत्र पाठवणारे यंत्र, घेणारे यंत्र बंद असले तर हार मानत नाही. ते पत्र आपल्यापाशी ठेवते आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते. असे किमान चार-पाच दिवस करावे अशी नियमावलीची शिफारस आहे. दार बंद दिसले तर पोस्टमन पत्र फाडून टाकत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, तशातला हा प्रकार. सर्व्हर बदलताना काही तास गडबड झाली तरी पत्रे सहसा हरवत नाहीत, ती या गुणामुळे.

१९९५ नंतरचे पत्ते

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. योगायोग असा की हीच तारीख पिनकोडचीही. सुरुवात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई येथे झाली आणि पुढे पुणे-बंगळूरसारखी शहरे जोडली गेली. या सेवेतला पुण्याचा पत्ता 'जीआयएएसपीएन०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन' असा असे. त्याची फोड करून पाहू. जीआयएएस हे सेवेच्या इंग्रजी नावाचे लघुरूप, पीएन म्हणजे पुणे, ०१ म्हणजे पहिले यंत्र. मुंबईच्या पत्त्यात याच जागी 'बीएम०१' असे.

म्हणजे एमएक्सची युक्ती जगात नऊ वर्षे जुनी झाली होती, तरी आपले पत्ते यंत्राचेच नाव सांगत होते. पुढे पुण्यात नवी यंत्रे आली आणि 'पीएन२', 'पीएन३' असे पत्ते दिसू लागले. ज्याचे खाते नव्या यंत्रावर गेले त्याचा पत्ता बदलला. छापलेली व्हिजिटिंग कार्डे आणि बिलबुके यांवर पेनाने दुरुस्त्या करणे आले. नंतर व्हीएसएनएल २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेली आणि २००८ मध्ये तिचे नावही बदलले. दुसऱ्याच्या नावाखाली पत्ता घेतला की त्या दुसऱ्याच्या नशिबाशी आपला पत्ता बांधला जातो, हे या काळात पुष्कळांनी अनुभवले.

वैज्ञानिक संस्थाही यातून सुटल्या नाहीत. पुण्याच्या 'आयुका'चा पत्ता बरीच वर्षे 'आयुका डॉट अर्नेट डॉट इन' असा होता. जगभरच्या शोधनिबंधांवर तोच छापलेला आहे. आज तो 'आयुका डॉट इन' असा आहे. 'इन' हे देशाचे नाव १९८९ पासून होते, परंतु २००५ मध्ये नोंदणीचे नियम सैल झाल्यावर कोणालाही थेट त्याच्याखाली आपले नाव घेता येऊ लागले. एनसीएसटी 'सी-डॅक'मध्ये विलीन झाली तेव्हा तिच्या नावाचे पत्तेही बदलले. जुन्या निबंधातल्या पत्त्यावर आज पत्र टाकले तर ते लेखकाला मिळेलच असे नाही.

उंब्रजचे दुकान सर्व्हर बदलते तेव्हा

समजा, उंब्रजला महामार्गालगत पंप आणि ठिबक सिंचनाचे साहित्य विकणारे एक दुकान आहे. त्याने 'कृष्णातारळी डॉट इन' असे काल्पनिक नाव घेतले आहे. मालक, हिशेबनीस आणि विक्री अशा तीन पेट्या त्यावर आहेत. जुनी सेवा महाग आणि सुस्त झाली म्हणून त्यांना नव्या सर्व्हरवर जायचे आहे. क्रम असा असतो.

आधी नोंदवहीतली मुदत कमी करायची. डीएनएसला विचारलेला प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारला जात नाही. विचारणारा मिळालेले उत्तर काही काळ लक्षात ठेवतो. किती काळ, हे नोंदीतच सेकंदांत लिहिलेले असते. समजा ते ८६,४०० सेकंद, म्हणजे २४ तास आहे. ते ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे करायचे आणि मग निदान एक दिवस थांबायचे. एक दिवस का? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर घालावा. ज्याने बदलाच्या मिनिटभर आधी जुने उत्तर नेले, तो ते पुढचे २४ तास खरे मानणार आहे. तेवढा काळ उलटून गेल्यावरच सगळ्यांच्या हाती पाच मिनिटांची मुदत येते.

मग नव्या सर्व्हरवर तिन्ही पेट्या उघडायच्या आणि जुनी पत्रे तेथे उतरवायची. हे काम 'आयमॅप' या पद्धतीने होते. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ च्या सुमारास बांधली. तिच्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात. त्याआधीच्या 'पॉप' पद्धतीत ती बहुधा दुकानातल्या संगणकावर उतरून घेतली जातात आणि सर्व्हरवरून पुसली जातात. त्यामुळे हिशेबनीस पॉप वापरत असेल तर त्याची दहा वर्षांची बिले सर्व्हरवर सापडणारच नाहीत, ती टेबलावरच्या संगणकात असतील. हे आधी तपासले नाही तर तो संगणक भंगारात जाताना सगळा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जातो.

त्यानंतर एमएक्सची ओळ बदलायची. काही काळ थोडी पत्रे जुन्या आणि थोडी नव्या सर्व्हरवर येतात. म्हणून जुना सर्व्हर निदान आठवडाभर चालू ठेवायचा आणि शेवटी उरलेली पत्रे पुन्हा एकदा उतरवून घ्यायची.

यानंतर एक बारीक काम राहते. जुन्या सर्व्हरला सांगावे लागते की हे नाव आता तुझे नाही. तसे न केल्यास त्याच सर्व्हरवरचे दुसरे ग्राहक दुकानाला पत्र पाठवतात तेव्हा तो नोंदवहीला विचारतच नाही. 'हे तर आपलेच' म्हणून ते जुन्याच पेटीत टाकतो. पाठवणाऱ्याला वाटते पत्र पोचले, दुकानाला ते कधीच मिळत नाही आणि चूक झाल्याची खूणही कोठे उमटत नाही.

पाठवण्याच्या बाजूलाही नोंद लागते. 'आमच्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार या यंत्रांना आहे' असे जाहीर करणारी एसपीएफ नावाची नोंद नंतर प्रचारात आली. ती सुधारली नाही तर नव्या सर्व्हरवरून गेलेले दरपत्रक समोरच्याच्या नको असलेल्या पत्रांच्या ढिगात पडते.

नाव कोणाच्या नावावर?

ही सगळी कामे दोन-तीन दिवसांची आहेत. अडते ते बहुधा दुसरीकडे. 'कृष्णातारळी डॉट इन' हे नाव कोणाच्या नावे नोंदले आहे? वेबसाइट करून देणाऱ्या होतकरू मुलाने ते स्वतःच्या नावे नोंदवले, नूतनीकरणाची सूचना त्याच्या ई-मेलवर जाते आणि तो आता नोकरीसाठी परगावी आहे, असे असेल तर एमएक्सची ओळ बदलणार कोण? बँक, वस्तू व सेवा कर आणि कंपन्यांचे पुरवठा विभाग यांच्याकडे हाच पत्ता आहे. पासवर्ड विसरला तर नवा पासवर्ड याच पत्त्यावर येतो. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असलेल्या जमिनीत विहीर खोदण्यासारखे हे आहे. म्हणून सर्व्हर निवडण्याआधी नावाची नोंद पाहावी आणि ती मालकाच्या नावे करून घ्यावी.

शाळांचेही वेगळे नाही. शासकीय पोर्टलवर, शिष्यवृत्तीच्या अर्जांवर, परीक्षेच्या नोंदणीत शाळेचा म्हणून एखाद्या गुरुजींचा किंवा बाईंचा खासगी ई-मेल दिला जातो. पुढे त्यांची बदली होते किंवा त्या निवृत्त होतात. शाळा जागच्या जागी असते, तिचा पत्ता मात्र माणसाबरोबर दुसऱ्या गावी जातो. आपल्या शाळेचा ई-मेल कोणाच्या नावे आहे, त्याच्याशी कोणाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या दप्तरी आहे की नाही, एवढे तीन प्रश्न या आठवड्यात विचारून पाहावेत.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर पाच विद्यार्थी पुरतात. एकाला नोंदवही, दोघांना जुना व नवा सर्व्हर आणि दोघांना पत्रे पाठवणारे करा. पाठवणाऱ्यांनी नोंदवहीला विचारून मिळालेले उत्तर कागदावर लिहून ठेवायचे आणि ते तीन पत्रांपर्यंत वापरायचे. मध्येच, कोणाला न सांगता, नोंदवहीतले उत्तर बदला. प्रत्येकी सहा-सहा पत्रे झाल्यावर जुन्या सर्व्हरपाशी किती पत्रे अडकली ते मोजा. मग तोच खेळ उत्तर एकाच पत्रापुरते वापरायचे असा नियम करून पुन्हा खेळा आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मुदत आधी का कमी करायची, हे मुले स्वतःच सांगतील.